शेजारच्या घरासाठी विनंती

बुधवारच्या घरप्रार्थनेत मी लोकांना नकोशी झाले आहे, हे मला ठाऊक आहे. गीत संपतं, पेटी मिटते आणि मग विनंत्या सुरू होतात. ज्याला देवाकडं जे मागायचं ते त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची, ही आम्हा ख्रिस्ती लोकांची जुनी रीत. कुणी आपल्या गुडघ्यांसाठी मागतं, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. तिथवर मी गप्प असते. पण कुणी म्हणालं, "आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब आहे, आपल्यातलं नाही, त्यांच्या घरात जरा बेबनाव आहे, त्यांच्यासाठी," की मी चष्मा काढून विचारते, "त्यांना विचारलंय का?" मग सगळे एकमेकांकडं बघतात. पाळकसाहेब तरुण आहेत, हसून वेळ मारून नेतात. म्हातारीला विनंत्यांचं वावडं आहे, असं माझ्या माघारी बोलतात. बोलोत. हे वावडं कुठून आलं ते आज लिहून ठेवते.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. औरंगाबादला छावणीच्या अंगाला चार घरांची एक बैठी ओळ होती, तिच्यातलं तिसरं घर आमचं. आई मिशनच्या शाळेत मास्तरीण होती, वडील पोस्टात. मी तेरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. शेवटच्या, म्हणजे चौथ्या घरात दौलताबादच्या पलीकडच्या एका खेड्यातलं शेतकरी कुटुंब राहायचं. काका कचेरीत कारकून. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळं सही अजून उर्दूत करायचे आणि मराठी कागद आला की माझ्या आईकडून एकदा वाचून घ्यायचे. काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण अख्ख्या ओळीत कुणाच्या घरी आज काय शिजलं ते त्यांना वासावरून कळायचं. त्यांच्या आणि आमच्या परसात एक भिंत होती आणि त्या भिंतीला एक खिंडार होतं. ते बुजवावं असं कुणालाच कधी वाटलं नाही. दिवसातून दहा वेळा आमची जा-ये तिथूनच.

आम्ही प्रसाद खात नसू. देवापुढं ठेवलेलं अन्न आपल्याला चालत नाही, असं आईनं आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. उलट सणाच्या दिवशी त्या पुरणाच्या दोन पातेल्या चढवायला लागल्या. मोठी देवाची आणि घरच्यांची, लहान आमची. खिंडारातून ताट पुढं करत म्हणायच्या, "मास्तरीणबाई, तुमच्या पोळ्या येगळ्या लाटल्यात. देवापुढं ठेवल्या नायत. खावा बिनघोर."

आणि आम्ही काय करायचो? नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडं करंज्या, शेव, लाडू असं भरलेलं ताट जायचं आणि करंज्यांच्या खाली आई एक छापील पत्रिका घडी करून ठेवायची. तारण, म्हणजे पापातून सुटका, कशी मिळते, असा मजकूर. घरात एकट्या काकांना वाचता यायचं, आणि तेही उर्दू. काकू ती पत्रिका मसाल्याच्या डब्यात तळाशी अंथरायच्या. आईनं ती तिथं हळदीनं पिवळी झालेली पाहिली होती, तरी दरवर्षी नवी जायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपल्याजवळ चांगली वस्तू आहे तर शेजाऱ्याला द्यावी, एवढंच आम्हाला कळायचं. ती त्यानं मागितली आहे का, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नव्हता.

काकूंची थोरली मुलगी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे. माझ्या वेण्या तीच घालायची आणि आईपेक्षा चांगल्या घालायची. एकदा दुपारी आमच्या परसात ती माझी वेणी घालत होती. केस एकदम ओढले गेले म्हणून मी ओरडले. वळून बघते तर ताई खाली पडलेली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. आई धावत आली, तिनं ताईला कुशीवर वळवलं, मानेखाली पदर घातला. तेवढ्यात खिंडारातून काकू कांदा घेऊन आल्या, तो दगडानं फोडला आणि तिच्या नाकाशी धरला. त्यांची घाई बघून आईच्या लक्षात आलं की हे पहिल्यांदाच होत नाही.

ताई शुद्धीवर आल्यावर काकूंनी आईचे हात धरले. ताईचं जमत आलं होतं. दौलताबादकडचंच स्थळ, पेरूच्या बागा, मुलगा मॅट्रिक झालेला. पसंती झाली होती आणि दहा-बारा दिवसांत ती मंडळी सुपारी फोडायला येणार होती. गुलमंडीच्या बाजारातून ताईला निळी साडीही आणून झाली होती.

"ही आकडी वरसातनं दोन-तीनदाच येती," काकू म्हणाल्या. "लग्न झालं की जाईल, असं वैदूनं सांगितलंय. पर आत्ता कळलं तर पोर घरात बसंल माझी. मास्तरीणबाई, तुमच्या देवाची आण घ्या, कुणापाशी बोलणार नाय म्हणून."

"आम्ही आण घेत नाही, वहिनी," आई म्हणाली. "पण मी हो म्हटलं म्हणजे हो. कुणाला सांगणार नाही."

काकूंना ते जरा कमी वाटलं असावं. आण नाही म्हणजे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण त्यांनी मान हलवली.

आता पुढचं नीट सांगायला हवं, कारण आईला खोटारडी समजलेलं मला चालणार नाही. तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. वडिलांनाही नाही. पण बुधवारी घरप्रार्थना आमच्याकडं होती. विनंत्यांची वेळ आली आणि आई डोळे मिटून म्हणाली, "आमच्या शेजारच्या एका घरासाठी. एका तरुण मुलीला आकडी येते, तिचं लग्न जमतंय. प्रभूनं तिला हात लावावा, आणि त्या घराला आपली ओळख द्यावी." तिनं नाव घेतलं नाही. तिच्या दृष्टीनं प्रार्थनेत सांगणं म्हणजे माणसांना सांगणं नव्हतंच. ते देवाला सांगणं होतं. बाकीचे बारा जण नुसते सोबतीला बसलेले.

त्या बारा जणांत मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या सगळ्या माणसांची, आजी होती. तरुणपणी ती गावोगाव पायी फिरून सुवार्ता सांगायची. आता सत्तरी ओलांडली तरी आजारी माणूस ऐकलं की तिचे पाय घरात ठरायचे नाहीत. छत्री, कापडी पिशवी, पांढरं लुगडं. ती आली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेली, की आमच्यातल्या कितीतरी जणांना बरं वाटायचं. तापात मलाही वाटलेलं आहे.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी ती आमच्या दारात उभी. आई शाळेत गेली होती, माझी शाळा त्या दिवशी दुपारची.

"तुझ्या आईनं विनंती दिली ती मुलगी कुठल्या घरातली गं, बाळ?" तिनं विचारलं.

मी बोट दाखवलं. मला कुणीतरी मोठ्या माणसासारखं विचारलं, याचा आनंदच झाला मला. आजी छत्री टेकत चौथ्या घराकडं निघाली, आणि मग माझं लक्ष त्या घराच्या दाराकडं गेलं. दारात सहा-सात वहाणा होत्या. कोपऱ्यावर टांगा सोडलेला. मुलाकडची मंडळी आज यायची होती, हे मला ठाऊक होतं. मी धावले, पण आजी तोवर आत गेली होती.

आत जाजम अंथरलेलं. पुरुष भिंतीला टेकून बसलेले, मुलाची आत्या पुढं, निळ्या साडीतली ताई पाटावर मान खाली घालून. ताटात सुपारी, हळद-कुंकू, नारळ. पांढऱ्या लुगड्यातलं म्हातारं माणूस आशीर्वाद द्यायला आलं असेल, असं वाटून सगळे सरकले. काकूंनीही वाट दिली. आजीनं ताईच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे आमच्या स्वर्गातल्या बापा, ह्या लेकराला येणारी आकडी तू मुळापासून काढून टाक."

"कसली आकडी?" आत्यानं विचारलं.

आजीनं डोळे उघडले. समोर जमलेली माणसं आणि ताटातली सुपारी तिला दिसली, पण त्यातून काय समजायचं ते तिला समजलं नाही. आजार लपवायचा असतो, हेच तिला ठाऊक नव्हतं. आमच्यात आजार सांगायचा असतो. तिनं आत्याच्या हातावर हात ठेवला आणि अगदी मायेनं सगळं सांगितलं.

कुणी आरडाओरडा केला नाही. मुलाचे वडील उठले, पाठोपाठ बाकीचे. काका त्यांच्यामागं कोपऱ्यापर्यंत गेले आणि एकटेच परत आले. सुपारी ताटात तशीच राहिली.

मी त्या दिवशी शाळेत गेलेच नाही. आई दुपारी आली तेव्हा काकू खिंडारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार. काकूंच्या तोंडाचा ओळीत दरारा होता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी व्हय म्हणला व्हता." दुसऱ्या दिवशी काकांनी खिंडाराला बांबूचा तट्ट्या बांधला.

बोट मी दाखवलं होतं, हे सांगायला मला दोन दिवस लागले. सोमवारी शाळेच्या वाटेवर मी ते आईला रडत रडत सांगितलं. ती चालत राहिली. "विनंती माझी होती," म्हणाली. "तू फक्त घर दाखवलंस." वडिलांनी तिची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. लपवून लग्न करणं तरी कुठं बरं होतं, पुढं कळलंच असतं की, असं काहीतरी. त्यावर आई चिडली. "त्यांनी काय लपवावं ते त्यांनी बघावं. मी शब्द दिला होता, तो मी मोडला."

बुधवारी तिनं मंडळीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. लोक हळहळले. तेव्हाचे पाळकसाहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, वाईटातूनही प्रभू चांगलं करतो. कोण जाणे, ह्यातूनच त्या घराचं दार उघडेल."

"दार बंद झालंय, साहेब," आई म्हणाली. "ते आपण बंद केलंय." आणि त्या दिवशी ती चहाला थांबली नाही. आजी मागं दाराशी बसून होती. त्यानंतर बोलावल्याशिवाय ती कुणाच्या घरी गेली नाही, आणि फारशी जगलीही नाही. तिच्यावर मी कधी रागावू शकले नाही.

मग आई काकूंच्या दाराशी गेली, पुढच्या दारानं, परक्यासारखी. मी तिच्यामागं होते. काकू उंबऱ्याच्या आत बसून डाळ निवडत होत्या. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. आईनं हात जोडले आणि माफी मागितली. काही कारण सांगितलं नाही, मुद्दाम केलं नाही हेसुद्धा नाही.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "एक सांगा मला. तुमच्या देवापाशी तुमी काय मागितलं? माझ्या पोरीची आकडी जावी म्हणून, का आमी तुमच्यात यावं म्हणून?"

मी आईकडं बघितलं. त्या वेळी तिनं थोडं खोटं बोलावं, असं मला फार वाटलं. आकडीसाठी मागितलं, एवढं म्हटलं असतं तरी अर्धं खरं होतं. काकू तेवढ्यावर निवळल्या असत्या, अशी माझी खात्री होती.

"दोन्ही," आई म्हणाली.

"व्हय का," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पोरीचा जीव जात व्हता अन् तुमी त्यातबी आमची जात बघितली." त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं आणि डाळीत बोटं घातली. आम्ही परत आलो.

त्यानंतर तीन वर्षं काकू आमच्याशी बोलल्या नाहीत. होळीला, पाडव्याला त्यांच्या चुलीवरच्या पुरणाचा वास तट्ट्यातून यायचा, ताट यायचं नाही. लहान पातेली बहुतेक फडताळात गेली असणार. ताई तट्ट्याच्या फटीतून माझ्याशी चोरून बोलायची, वेण्या मात्र मी स्वतःच घालायला शिकले. पुढं काकांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि आकडी जवळजवळ थांबलीच. दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं, गंगापूरकडं. मुलाकडच्यांना आधी सगळं सांगूनच ठरवलं, असं ताईनं मला सांगितलं. लग्न घरासमोरच मांडव घालून झालं. आम्हाला अक्षता आल्या नाहीत. मंगलाष्टकं चालू असताना आई स्वयंपाकघरात, तट्ट्याला लागून असलेल्या भिंतीशी उभी होती. शेवटचं 'सावधान' झालं तेव्हा तिनं दोन्ही हात जोडले. काय मागितलं ते मी विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही.

नाताळचं ताट मात्र आईनं बंद केलं नाही. पहिल्या वर्षी मी घेऊन गेले, काकूंनी निमूट ठेवून घेतलं. त्या वर्षी करंज्यांच्या खाली पत्रिका नव्हती. मी आठवण करून दिली तर आई म्हणाली, "राहू दे." संध्याकाळी ताट परत आलं ते रिकामं. शेजारचं ताट कुणी रिकामं परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आईनं ते ताट पुसून ठेवलं आणि पुढच्या वर्षी त्याच ताटात करंज्या भरून पाठवल्या. तेही रिकामं आलं. तिसऱ्या वर्षीही.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात आईच्या पोटात गाठ निघाली. ती साधी होती आणि आई त्यानंतर वीस वर्षं जगली, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण तेव्हा ते आम्हाला ठाऊक नव्हतं. ऑपरेशन करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आई बाजेवर पडून असायची. मंडळीतल्या बायका रोज यायच्या आणि पुढच्या खोलीत मोठ्यानं प्रार्थना करायच्या. भिंती पातळ, त्यामुळं तिच्या गाठीची बातमी चौथ्या घराला पहिल्याच दिवशी कळली असणार.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सकाळी परसात काहीतरी कडकड मोडल्याचा आवाज झाला. मी जाऊन बघितलं तर काकू तट्ट्याच्या कामट्या दोन्ही हातांनी मोडत होत्या. वाट झाली तशा त्या आत आल्या आणि सरळ आईच्या बाजेपाशी जाऊन जमिनीवर बसल्या. आई उठायला लागली, त्यांनी खांदा दाबून तिला निजवलं.

"तीन वरसं झाली," काकू म्हणाल्या. "ताटात तो कागद नसतो. बघते मी."

आईनं उशीवरचं डोकं त्यांच्याकडं वळवलं.

"एक इचारायला आले. उद्या तुमी दवाखान्यात जाणार. मी गावाकडं देवीला जाते हाय. तुमच्यासाठी मागू का? तुमाला चालत नसंल तर तसं सांगा. तुमी नाय म्हणलात तर नाय मागणार. गुपचूपबी नाय मागणार."

माझ्या आईनं आयुष्यात देवळाची पायरी चढली नव्हती. दुसऱ्या देवाचं नाव आमच्या घरात निघालं तरी ती विषय बदलायची. ती आता काय म्हणणार, या धास्तीनं मी दाराची चौकट धरून उभी होते.

"मागा, वहिनी," ती म्हणाली.

"काय मागू?"

"तुम्हाला वाटेल ते मागा."

काकूंनी मान हलवली. "तसं नाय. तुमी सांगाल तेवढंच मागते. वरचं कायबी नाय."

आईनं तोंड भिंतीकडं वळवलं आणि ती रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलेलं नव्हतं. काकू हलल्या नाहीत, डोळे पुसा असंही म्हणाल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. मग आई वळली आणि शाळेत शुद्धलेखन घालायची तशी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "गाठ साधी निघू दे. आणि पोरगी मॅट्रिक होईपर्यंत मला राहू दे. एवढंच."

"गाठ साधी निघू दे, अन् पोरगी म्याट्रिक हुईस्तवर ऱ्हाऊ दे," काकूंनी म्हणून पाहिलं. काही सुटलं नाही ना म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला आणि तेच पुटपुटत खिंडारातून घरी गेल्या.